जुन्या छर्‍याच्या बंदुकीचा जोर गेलाय : स्प्रिंग, वायसर की ओ-रिंग? काय बदलायचं आणि कसं?

खाडीकाठ (कोपरी, ठाणे पूर्व)

रायफल डायना ३५ या जर्मन रायफलीच्या धाटणीची, ४.५ मिमी, नळी मोडून (म्हणजे सांध्यावर दुमडून) छर्रा भरायची. वय चाळीसच्या पुढे. लक्षणं अशी:

नळी मोडताना आत करकर होते आणि मध्येच एक हिसका बसतो. चाप ओढल्यावर दोन सेकंद झणझण आवाज राहतो. नळीच्या सांध्यापाशी गालाला वारा लागतो. पूर्वी तेलाच्या डब्याच्या दोन्ही बाजू भेदायची, आता एकीलाच भोक पडतं.

दुकानात एकच उत्तर मिळतं : "स्प्रिंग बदला, जरा जाड तारेची टाका." टाकू का? आणि सामान ठाणे-नवी मुंबईतच मिळेल का?

---

साडेचार_मिमी

जाड स्प्रिंग टाकू नका. निदान अजून तरी नाही. जोर गेलेल्या दहा जुन्या रायफलींतल्या बर्‍याचशा हवा गळती असलेल्या निघतात, आणि गळक्या पंपाला मोठी मोटर लावली की तो जास्त गळतो, एवढंच. आधी हवा कुठून जाते ते शोधा. क्रम असा : सांध्याची ओ-रिंग (रबराची कडी), मग पिस्टनचं वायसर (त्याच्या डोक्यावरची हवा अडवणारी चकती), स्प्रिंग शेवटी.

सांध्याची परीक्षा न उघडता होते. टिश्यू पेपरची बोटभर रुंदीची पट्टी नळी आणि सिलिंडरच्या जोडावर आडवी टाका, छर्रा भरा, सुरक्षित आडोशावर बार करा. पट्टी उडाली तर सांधा गळतोय. कुठल्या बाजूने ते बघायचं तर पट्टीऐवजी टाल्कम पावडरची चिमूट भुरभुरवा. जिथून हवा निघाली तिथली पावडर साफ होते. डोळ्यांना चष्मा हवा, तोंड जोडाजवळ नको.

आणि छर्रा न घालता बार करू नका, परीक्षेसाठीसुद्धा नाही. पुढे अडवायला छर्रा नसला की पिस्टनच्या पुढे हवेची गादी तयार होत नाही. तो सिलिंडरच्या तळावर सरळ आदळतो. वायसर फाटतं, स्प्रिंगची शेवटची वेटोळी मोडतात. तुमचा "मध्येच हिसका" मोडक्या स्प्रिंगचाच वाटतो : तुटलेले दोन तुकडे एकमेकांच्या वेटोळ्यांत अडकतात आणि सुटताना झटका देतात.

डब्याची परीक्षा मात्र विसरा. आजच्या डब्याचा पत्रा आणि तेव्हाचा पत्रा एक नव्हे. वेगमापक मिळवा, तोच खरं बोलतो.

---

लेथवाला_रबाळे

वेगमापकाच्या आकड्याचं काय करायचं ते सांगतो. छर्‍याचं वजन किलोत, वेग मीटर प्रति सेकंदात. वेगाचा वर्ग गुणिले वजन भागिले दोन, की जूल. अर्धा ग्रॅमचा छर्रा १८० च्या वेगाने गेला तर ८.१ जूल. १२० ने गेला तर ३.६. म्हणजे वेग एक तृतीयांश घटला की जोर निम्म्याहून खाली जातो. हाताला जो "अचानक मेली" असं वाटतं ते यामुळे.

एकाच आकड्यावर निष्कर्ष काढू नका. दहा बार घ्या. दहाही सारखेच हळू असतील तर स्प्रिंग बसलीय किंवा सांध्याची गळती ठरावीक आहे. एक १५०, दुसरा ११५, तिसरा १४० असं पसरलं असेल तर वायसरावर संशय घ्या, कारण ते प्रत्येक वेळी वेगळं बसतंय.

---

मेघना_बेलापूर

उघडण्याआधी दोन गोष्टी. बोटं सांभाळा, ही पहिली. नळी मोडून स्प्रिंग चढलेली असताना नळीवरचा हात सोडायचा नाही, छर्रा ठेवतानाही. खटका (चढलेला पिस्टन अडवून धरणारा दात) झिजलेला असेल आणि तो सुटला तर नळी जागेवर येताना मध्ये बोट असलं तर ते जातं, आणि नळी वाकते ती वेगळीच. ज्याचा खटका झिजल्याची शंका आहे त्या बंदुकीला तर दुप्पट जपा.

दुसरी, आतली स्प्रिंग विश्रांतीतही दाबलेलीच असते. सिलिंडरच्या मागच्या टोकाचा ठोकळा काढला की ती बाहेर झेपावते.

---

वागळे_वाइस

बाहेर झेपावते म्हणजे नेमकी किती, ते कळलं की माणूस क्लॅम्प घेतो. अशी एक स्प्रिंग घ्या : ३ मिमी तार, बाहेरचा व्यास २० मिमी, ३३ वेटोळी, मोकळी लांबी २२५ मिमी. आत बसलेली असताना लांबी १८५. म्हणजे ४० मिमी आधीच दाबलेली, ताकद सुमारे २१ किलो. तांदळाच्या वीस किलोच्या गोणीहून थोडी जास्त, आणि ती तुमच्या छातीच्या दिशेने. क्लॅम्पशिवाय कोणीही हे करू नये, "मी गुडघ्यात धरतो" म्हणणार्‍यांनीही.

क्लॅम्प घरी होतो. दीड इंची सागाच्या फळीवर दोन आडवे ठोकळे, एक पक्का, दुसर्‍यातून एम १२ चा आटेवाला गज. एका टोकाला नळीचा भाग टेकतो (नळी काढलेली असेल तर सिलिंडरचं पुढचं तोंड, मध्ये चामड्याचा तुकडा), दुसरीकडे गजाच्या टोकावर लाकडाची किंवा नायलॉनची बुशी मागच्या ठोकळ्याला दाबते. सिलिंडर खाली सरकू नये म्हणून दोन बाजूंना लाकडी पाचरी. गजाला लीव्हर लावून हळूहळू दाबायचं.

आता क्रम.

दस्त्याचे स्क्रू आधी : पुढच्या बाजूला दोन्ही अंगांना एकेक आणि चापाच्या कड्याजवळचे. या स्क्रूंना रुंद आणि जाड पात्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो, खाचेच्या लांबीएवढाच. अरुंद पातं लावलं की खाच बिघडते आणि मग ड्रिल मारण्यापर्यंत वेळ येते. अडले तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर एकच नेमका ठोका मारून फिरवा.

दस्ता निघाला की नळीच्या सांध्याचा बोल्ट. त्याच्या नटाला एक छोटा कुलूप-स्क्रू असतो, तो आधी. बोल्ट ढिला केला की नळी आणि मोडताना पिस्टन मागे ओढणारी सळई मोकळी होते. दोन्ही बाजूंची पातळ पत्र्याची वायसरं कुठल्या बाजूची ते कागदावर लिहून ठेवा. इथे एका बाजूचं वायसर दुसरीकडे गेलं की नळी डावी-उजवी होते आणि नेम धरायची माशी कितीही सरकवली तरी नेम जुळत नाही.

मग क्लॅम्पमध्ये सिलिंडर लावून मागचा ठोकळा इतकाच दाबा की दोन आडव्या पिना बोटाने ढकलल्यावर बाहेर याव्यात. पिन हातोड्याने मारावी लागत असेल तर क्लॅम्पचा दाब चुकीचा आहे : कमी असेल तर दाबा, जास्त असेल तर सोडा. हातोडा मारू नका. पिना आल्या की गज उलटा फिरवत दाब शून्यावर आणा. ठोकळा बाहेर, स्प्रिंग बाहेर, मागून पिस्टन बाहेर.

डायना २७ आणि जुनी ३५ असेल तर खटक्याच्या आत पोलादाच्या तीन गोळ्या असतात, त्या ठोकळ्याबरोबर सांडतात. खाली परात किंवा उभ्या कडेचं ताट ठेवा, फरशीवर पडलेली गोळी सहसा फर्निचरखालीच जाते. परत बसवताना गोळ्यांना ग्रीस लावून जागेवर चिकटवायच्या. एक हरवली तर तिन्ही नव्या, मोजून, एकाच व्यासाच्या. बेअरिंगच्या दुकानात मिळतात. एक गोळी दहा मायक्रॉनने मोठी असली तरी ओझं तिच्यावर येतं आणि खटका एकांगी सुटतो.

वायह्राउख या दुसर्‍या जर्मन कंपनीची एचडब्ल्यू ३५, ५० वगैरे असेल तर हा क्रम विसरा. तिथे मागचा ठोकळा आट्यांचा आहे, पिनांचा नाही. क्लॅम्प न लावता पुष्कळसा उघडतो, पण शेवटच्या एक-दोन फेर्‍यांना आटे सुटतात आणि तेव्हाही आत थोडा दाब असतोच. शेवटचे दोन फेरे टॉवेलात, दोन्ही हातांनी, तोंड बाजूला.

---

खाडीकाठ

क्लॅम्प समजला. डायना ३५ च्या जातीचीच आहे. वायसर चामड्याचं आहे हे न उघडता कसं ओळखू?

---

हिरडा_बाभूळ

काढल्यावरच कळेल, पण त्या काळातलं असेल तर चामड्याचंच धरा. चामड्याच्या पिस्टनाचं डोकं सपाट, मधोमध स्क्रू. पीयू (पॉलियुरेथेन प्लॅस्टिक) वायसराच्या पिस्टनाला छत्रीच्या आकाराची गुंडी असते आणि तिच्यावर वायसर चढतं. चामड्याच्या पिस्टनावर बाजारातलं पीयू वायसर स्क्रूने घट्ट करून चालेल असं समजू नका, ते कडेने उचलतं.

चामडं हे काही मागे पडलेलं सामान नाही. खोबणी, खरवड, थोडी वाकडी झालेली सिलिंडर, या सगळ्याला ते स्वतःला जुळवून घेतं. कडक पीयूला सिलिंडर आरशासारखी लागते, जुन्याला ती क्वचित असते.

चामडं घेताना मात्र नेमकं मागा. क्रोमने कमावलेलं नको. ते मऊ आणि ताणलं जातं, साच्यात दाबलं तरी परत सपाट होतं. वनस्पतीने कमावलेलं हवं, बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं, म्हणजे कोल्हापुरी चपलेच्या तळव्याचं. जाडी ३ ते ३.५ मिमी. ओळख सोपी : कापून काठ पाहा, आरपार तपकिरी असेल तर तुमचं, आत निळसर-करडा पट्टा दिसला तर क्रोम. एका चपलेच्या तळव्यातून दोन-तीन वायसरं निघतात. पट्ट्याचं चामडं घेऊ नका, रंग लावून दोन थर चिकटवलेलं असतं.

साचा लेथवर करून घ्या. सिलिंडरचा आतला व्यास मोजा, समजा २८ मिमी. साच्याची भोकं २८.२. दाबणारा ठोकळा २२.५, म्हणजे तीन मिमीचं चामडं दोन्ही बाजूंना दबून २.८५ मिमी होतं. ठोकळ्याची कड गोल करून घ्या, नाहीतर कपाच्या कोपर्‍यात चामडं कापलं जातं. चकती ४४ मिमीची कापा, मध्ये स्क्रूचं भोक आत्ता पाडू नका, ओलं चामडं भोकातून फाटतं.

कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. कोमट म्हणजे बोट बुडवता येईल इतकं. वनस्पतीने कमावलेलं चामडं साधारण ७० अंशांवर आकसून शिंगासारखं कडक होतं, मग ते कशातच बसत नाही. साच्यात ठेवून वाइसमध्ये हळू दाबा, दर मिनिटाला पाव फेरा. तसंच सोडा. ठाण्याच्या पावसाळ्यात तीन दिवस, एप्रिलमध्ये एक दिवस. गॅसवर, उन्हात, ड्रायरने नाही.

सुकल्यावर साच्यात असतानाच नव्या ब्लेडने ओठ कापून सारखा करा. मग भोक. मग तेल.

---

साडेचार_मिमी

तेलाचं नीट सांगा, तिथेच लोक बिघडवतात.

---

हिरडा_बाभूळ

बरोबर. चामड्याला आत चरबी लागते. गुरांच्या खुरांचं तेल मिळालं तर उत्तम. नसेल तर शुद्ध एरंडेल चालतं, पण थोडं गरम करून चोळून मुरवायचं आणि दुसर्‍या दिवशी पुसून घ्यायचं. कप ओलसर वाटावा, ओघळू नये. शिलाई मशीनचं तेल, थ्री-इन-वन, डब्ल्यूडी-४०, इंजिन ऑइल, यांपैकी काहीही वायसराच्या पुढे जाऊ देऊ नका. पिस्टन सुटतो तेव्हा पुढची हवा दाबून इतकी तापते की तेलाची वाफ पेट घेते. धूर, कानाला टोचणारा आवाज, वेग अचानक २५० च्या वर. लोक खूश होतात. त्याच बारात वायसराचा ओठ जळतो आणि स्प्रिंगला उलटा दणका बसतो.

नव्या चामड्याच्या पहिल्या दहा-वीस बारांना हलका धूर येईल, ते ठीक. तिसाव्यालाही येत असेल तर उघडून पुसा.

---

वागळे_वाइस

वंगणाचं बाकीचं : पिस्टनच्या मागच्या घेरावर आणि स्प्रिंगच्या आतल्या दांड्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस, अगदी पातळ, बोटाने पुसून काळसर चकाकी उरेल इतकं. स्प्रिंगवर थोडं जास्त जाडसर ग्रीस चालतं, तुमची झणझण त्याने अर्धी जाईल. सिलिकॉन तेल पोलादावर पोलाद घासतं तिथे नको, तिथे ते टिकत नाही.

आणि पिस्टन घालण्याआधी सिलिंडरची खाच बोटाने तपासा, म्हणजे सळई ज्या लांब खाचेतून चालते ती. तिच्या कडा कारखान्यातूनच धारदार आलेल्या असतात. नवं वायसर तिथून जाताना फर्रकन कापलं जातं, आणि नव्या वायसरानेही वेग आला नाही की माणूस स्प्रिंगला दोष देतो. बारीक कानशीने कडा मोडा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने आतून हात फिरवा, केरोसीनने धुवा, पुसा. घालताना खाचेच्या जागी जुनं व्हिजिटिंग कार्ड गुंडाळून आत सरकवा, वायसर त्याच्यावरून जाऊ द्या, मग कार्ड ओढून काढा. चामड्याचं असेल तर ओठ बोथट स्क्रूड्रायव्हरने आत दाबत न्या.

---

लेथवाला_रबाळे

आता स्प्रिंग. जाड तारेचा सल्ला का चुकतो, ते आकड्यांत बघा.

स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ३ ऐवजी ३.२ घेतली तर फरक ०.२ मिमीचा दिसतो, ताठपणा वाढतो २९ टक्के. ओढायला जड, खटक्यावर ताण जास्त, दस्त्याला धक्का जास्त. आणि हवा अजूनही त्याच गळक्या वायसरातून जाते.

वर वागळे_वाइसनी दिलेल्या स्प्रिंगचं गणित पुढे नेतो. बसवलेली लांबी १८५, पिस्टनची फेरी ७५, म्हणजे चढलेल्या अवस्थेत उरतात ११०. ३३ वेटोळी गुणिले ३ मिमी, पूर्ण दाबली की ९९. म्हणजे ११ मिमीची मोकळीक. ३.२ ची, ३३ वेटोळ्यांचीच घेतली तर १०५.६. मोकळीक साडेचार मिमीच्या आत. आणि दुकानदाराने "दोन-तीन वेटोळी जास्त देतो, जोर येईल" म्हणून ३६ वेटोळ्यांची दिली तर ११५. चढतच नाही. वेटोळी एकमेकांना भिडतात, नळी शेवटच्या पाच मिमीला अडते, माणूस जोर लावतो, आणि वाकते ती ओढणारी सळई.

साध्या मूळ स्प्रिंगमध्ये चढल्यावर साधारण ३० जूल साठतात. त्यातले छर्‍याला मिळतात आठ-नऊ. बाकीचे उष्णतेत, आवाजात, धक्क्यात आणि गळतीत जातात. म्हणजे साठवण वाढवण्यापेक्षा गळती थांबवण्यात कमाई आहे.

मग स्प्रिंग बदलायची कधी? काढून काचेवर लोळवा. लोळताना मध्ये उजेड दिसला तर वाकलीय, बदला. काचेवर उभी करून गुण्या लावा. वरचं टोक दोन-तीन मिमी कलत असेल तर तीच तुमची करकर आहे, सिलिंडरला घासते. मोडली असेल तर प्रश्नच नाही. फक्त दहा-बारा मिमी आखूड झालीय, सरळ आहे, तर परत टाका. नवी स्प्रिंगही पहिल्या शे-दोनशे बारांत काही मिमी बसतेच.

करून घेताना मागायचं काय : पियानो वायर (कडक पोलादी तार), तार ३ मिमी, आतला व्यास १४, ३३ वेटोळी, दोन्ही टोकं बंद करून घासून सपाट. ठाणे-बेलापूर पट्ट्यात स्प्रिंग वळणारी युनिटं आहेत. एकच नग कोणी करत नाही, सेटिंगचाच वेळ जातो. पाच नगांची तयारी ठेवा, किंवा इथल्याच दोघातिघांनी मिळून द्या. मोटारसायकलच्या क्लचची, शॉकअपची स्प्रिंग कापून बसवायचे प्रयोग करू नका. कापलेलं टोक ग्राइंडरवर लाल करून वाकवलं की त्या वेटोळ्याचं पाणी उतरतं आणि ते पहिलं मोडतं.

---

नौपाड्यातला_एक

एक शंका. स्प्रिंगचा दांडा, म्हणजे आतला गाईड, सैल असला तरी झणझण होते ना?

---

लेथवाला_रबाळे

होते, आणि बहुतेक वेळा झणझणीचं मूळ तेच. स्प्रिंगच्या आत दांडा हलका ओढून घालावा लागला पाहिजे. १४ मिमीच्या स्प्रिंगमध्ये १३.३ चा दांडा म्हणजे खुळखुळा. नवा दांडा डेलरिनचा (कडक प्लॅस्टिक) किंवा नायलॉनचा १३.९ ला कापून घ्या. दाबल्यावर स्प्रिंगचा व्यास किंचित वाढतो, म्हणून अडकत नाही. नायलॉन दमट हवेत फुगतं, खाडीच्या बाजूला राहत असाल तर डेलरिनच घ्या.

---

मेघना_बेलापूर

ओ-रिंगवर अजून कोणी लिहिलं नाही, आणि ती सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

जुनी बाहेर काढायला टोकदार हुक, पण खोबणीच्या भिंतीला ओरखडा नको, गळती तिथूनच पुन्हा सुरू होते. मग खोबणीची खोली मोजा. वर्नियरच्या मागच्या पट्टीने, तीन ठिकाणी. नवी रिंग खोबणीबाहेर ०.१५ ते ०.२५ मिमी यायला हवी. समजा खोली २.४, तर बाजारातली २.६२ मिमी जाडीची रिंग ०.२२ ने वर राहते, नेमकी. १.७८, २.६२, ३.५३ हे ठरलेले माप आहेत, मेट्रिकमध्ये २ आणि २.५ मिळतात.

फार वर आली तर नळी पूर्ण बंद होत नाही. बंद झाल्यासारखी वाटते, पण बारागणिक माशी वर-खाली होते. कमी आली तर रिंगखाली प्लॅस्टिकच्या फाइलच्या पानातून कापलेली पातळ कडी घाला, साधारण ०.१ मिमी मिळते. कडी रिंगखालीच, वर नाही.

कडकपणा विचारून घ्या. काउंटरवर न विचारता मिळते ती ७० शोरची (शोर हे कडकपणाचं माप) नायट्राइल रबराची, हिला दोन-तीन महिन्यांत दात पडतात. ९० शोरची मागा. ऑइल सील-रिंगच्या दुकानांत वर्नियर घेऊनच जा, नमुना दाखवून "अशीच द्या" म्हटलं तर दाबून चपटी झालेल्या जुन्या रिंगच्या मापाचीच मिळते.

---

नौपाड्यातला_एक

खटका जरा जड आहे माझा. कानशीने थोडा मोकळा केला तर?

---

वागळे_वाइस

नको. खटक्याचा दात वरवर कडक केलेला असतो, कडक थर मिलिमीटरच्याही अंशाचा. कानस लावली की तो थर जातो, खालचं मऊ लोखंड महिनाभरात गोलावतं आणि रायफल नळी बंद करताना आपोआप सुटते. वर मेघनाताईंनी बोटांचं लिहिलंय ते पुन्हा वाचा. जडपणा साफ करून, जुनं ग्रीस धुऊन, मॉलिब्डेनम ग्रीसचा थेंब देऊन बहुतेक उतरतो. दात दिसायला गोल झाला असेल तर नवा भागच बसवायचा.

तपासायचं कसं : सगळं जोडल्यावर छर्रा भरून, नळी आडोशाकडे धरून, दस्त्याचा तळ रबरी चटईवर पाच-सहा वेळा जरा जोरात टेकवा. चापाला हात न लावता एकदाही सुटली तर ती रायफल वापरायची नाही.

---

साडेचार_मिमी

कायद्याचं एक वाक्य, कारण कोणी तरी विचारणारच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंत आणि २० जूलच्या आतली हवेची रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. ५.५ ची नळी बसवायची कल्पना सुचली तर त्याच क्षणी परवान्याच्या हद्दीत जाता. सोसायटीच्या गच्चीवरून बार करायचा नाही, छर्रा दोन-अडीचशे मीटर सहज जातो आणि खाली माणसं राहतात. पक्षी-प्राण्यांवर तर नाहीच, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे.

आडोसा म्हणून पेटीत गच्च भरलेला पुठ्ठा उत्तम, साधारण फूटभर जाड. सपाट लोखंडी पत्रा नको, छर्रा उलटतो. शिसं हाताळलं की वडापावाला हात लावण्याआधी हात धुवा.

---

हिरडा_बाभूळ

पावसाळ्याचं राहिलं. जूनमध्ये उघडलेली रायफल जुलैत जोडायची असेल तर भाग उघडे ठेवू नका. पिस्टन आणि सिलिंडरवर पातळ ग्रीस, गंजरोधक कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. भिंतीला टेकवून ठेवलेला दस्ता खाडीच्या हवेत फुगतो आणि स्क्रू ढिले पडतात. सप्टेंबरात पहिला नेम चुकला की आधी दस्त्याचे स्क्रू घट्ट करा, मग बाकीचं.

---

खाडीकाठ

सगळ्यांनी इतकं नेमकं दिलंय. उघडली. वाकलेली आणि दोन ठिकाणी मोडलेली स्प्रिंग, चामड्याचं वायसर शिंगासारखं, ओ-रिंग खोबणीच्या खाली ०.१ मिमी. तिन्ही बदलतोय. मूळ मापाचीच स्प्रिंग, ३ मिमी, ३३ वेटोळी.

एकच अडलंय. नवा कप पिस्टनवर बसवताना तोंड पुढे की मागे? आणि स्क्रूखालचं लोखंडी वायसर कपाच्या आत की बाहेर?

---

वागळे_वाइस

तोंड पुढे, नळीकडे. दाब वाढला की हवा कपात शिरते, ओठ बाहेर ढकलते, तो सिलिंडरला घट्ट होतो. सायकलच्या पंपाच्या वायसरासारखंच. उलटा बसवलात तर हवा ओठाला आत दुमडते आणि पहिल्याच बाराला फुस्स.

लोखंडी वायसर कपाच्या आत, चामड्याला तळाशी दाबून. व्यास कपाच्या आतल्या व्यासापेक्षा एक मिमी कमी, कड गोल केलेली. स्क्रूच्या आट्यांना निळं लॉकटाइट (आटे सुटू न देणारा गोंद), एक थेंब. स्क्रूचं डोकं ओठाच्या कडेपेक्षा एक मिमी खालीच राहिलं पाहिजे. वर आलं तर सिलिंडरच्या तळाला तेच पहिलं ठोकेल. ओठ फार उंच वाटला तर आत्ताच कापा. पिस्टन अंगठ्याने ढकलून पुढे सरकला पाहिजे, पण आपल्या वजनाने नाही.

---

हिरडा_बाभूळ

आणि स्क्रू कसण्याआधी कपाचं भोक पंचाने पाडा, ड्रिलने नाही. ड्रिल चामड्याचे धागे ओढतं, भोक अंडाकृती होतं आणि कप मध्यावर बसत नाही.